एकविसावं कार्ड

१

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास मुलुंड पूर्वेला जानकी परब देवापुढे फुलं ठेवत होत्या. वय एकाहत्तर. फुलं हातातून खाली पडली आणि तोंड एका बाजूला वाकडं झालं. सून जान्हवीने लगेच रुग्णवाहिकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. गाडी सात मिनिटांत आलीसुद्धा, पण सोसायटीच्या मागच्या गेटावर. रस्त्याचं काँक्रिटीकरण सुरू झाल्यापासून ते गेट दीड महिना बंद होतं. समोर खणलेला रस्ता, मागे गाड्यांची रांग. वळसा घालून पुढच्या गेटाशी पोचेपर्यंत आणखी एकोणीस मिनिटं गेली.

जानकीबाईंचा जीव वाचला, पण बोलणं गेलं.

ड्रायव्हरची यात काहीच चूक नव्हती. स्क्रीनने दाखवलं त्याच गेटाशी तो गेला होता. ती स्क्रीन चालवणारं सॉफ्टवेअर पवईच्या आरोहण सिस्टिम्स या कंपनीने एका हॉस्पिटल समूहासाठी केलं होतं आणि ते सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

बुधवारी दुपारी कंपनीच्या अध्यक्ष रत्नप्रभा नाडकर्णी यांनी कॉन्सेप्टा मिस्किटांना बोलावून घेतलं. कॉन्सेप्टा अंतर्गत चौकशी विभागाच्या प्रमुख. वय अठ्ठावन्न, निवृत्तीला दोन महिने. राहायला मढला. तिथून जेटीवर येऊन फेरीबोटीने वर्सोवा आणि पुढे बसने पवई, असा एकतीस वर्षांचा नेम. टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. समोरचा माणूस बोलताना मध्ये थांबला की त्या मान वर करून बघायच्या. टायपिंगच्या दिवसांतली सवय, ती पुढे चौकशीत कामाला आली.

केबिनमध्ये संचालक देवव्रत सबनीस आधीच बसले होते.

"सरळ प्रकरण आहे," देवव्रत म्हणाले. "चार महिन्यांपूर्वी अक्षता घाडीने हे नवीन खूळ आणलं. अकरा टीम, एकशे वीस माणसं, सगळ्यांनी दोन दिवस एका हॉलमध्ये बसून तीन महिन्यांचं काम ठरवायचं. म्हणे मोठ्या कंपनीत अजाईल नावाची पद्धत असते, ती अशीच चालते. त्यासाठी सर्टिफिकेशन घेऊन आली. भिंतीवर कार्डं चिकटवायची, दोरे ताणायचे, सुटलेल्या कार्डामागे नावं लिहायची, बोटं वर करून मत द्यायचं. बालवाडी, दुसरं काय! आणि गेटांची एवढी मोठी जोखीम कुणाच्या लक्षातच आली नाही."

"अक्षता म्हणते, आली होती," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "तसं जोखमीचं लाल कार्ड भिंतीवर होतं म्हणते."

"मग कुठे आहे ते? कार्डांच्या खोक्यात नाही. भिंतीचे फोटो होते, ते तिच्याच लॉगिनवरून उडवलेत. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाई हॉल सोडून घरी निघून गेली, तेही कुणाला धड काही न सांगता."

"तुम्ही होता हॉलमध्ये?" कॉन्सेप्टांनी विचारलं.

"पहिल्या दिवशी दहा मिनिटं बोललो आणि एअरपोर्टला गेलो. तीन दिवस दिल्लीत होतो."

रत्नप्रभाबाईंनी एक कागद पुढे सरकवला. अक्षताला कामावरून काढण्याचा आदेश होता. खाली दुसरी ओळ होती : सर्टिफिकेशनसाठी निवडलेल्या पुढच्या तीस जणांची तुकडी रद्द, सर्व टीमनी पूर्वीच्या पद्धतीने काम करावं.

"शुक्रवारी चार वाजता मला यावर सही करायची आहे," त्या म्हणाल्या. "त्याआधी खरं काय ते मला कळलं पाहिजे."

२

अक्षताचं घर बोरीवलीत, नॅशनल पार्कच्या बाजूच्या एका जुन्या सोसायटीत. दार तिच्या वडिलांनी, गुणाजी घाडींनी उघडलं. एके काळचे गिरणी कामगार. कमरेला पट्टा, हातात काठी.

"येवा, बसा," ते म्हणाले. "माझ्यामुळेच झाला ह्या सगळा. मी बाथरूमात पडलंय आणि हिका काम टाकून येवचा लागला."

"बाबा, पुरे," अक्षता आतून म्हणाली.

चौतिशीची, बारीक चणीची. डोळे सुजलेले होते, पण आवाज पक्का होता.

"मॅडम, मी ऋतिकाला सगळं समजावून निघाले होते. तिच्याकडेही सर्टिफिकेट आहे, तिला येतं. ते कार्ड सुबोधने लिहिलं, पहिल्या दिवशी. सुबोध साळसकर, नकाशा टीमचा प्रमुख. 'दोन गेटांच्या सोसायट्यांची यादी हॉस्पिटलकडून आलेली नाही. न आल्यास गाडी बंद गेटाशी जाईल.' माझ्या डोळ्यांसमोर आहे अजून. पुढे त्याचं काय ठरलं ते बघायच्या आतच मला निघावं लागलं."

"सुबोध काय म्हणतो?"

"आठवत नाही म्हणतो." ती समोर बसली. "आम्ही एकत्र लागलो होतो, मॅडम. माझ्या परीक्षेच्या वेळी सकाळी सहाला फोन करून उठवायचा मला."

कॉन्सेप्टांनी पिशवीतून वही काढली. "मला तुझं हे शास्त्र शिकव. माझा भाऊ नेल्सन मासेमारीला जातो, मला होडी कळते. कॉम्प्युटरवाल्यांच्या भिंती कळत नाहीत."

अक्षता पहिल्यांदाच किंचित हसली.

"सात-आठ जणांची टीम असेल ना, तर कुणाचं काय अडलंय ते चहा पिताना कळतं. अकरा टीम झाल्या की नाही कळत. पत्तावाले नकाशावाल्यांसाठी थांबलेत, नकाशावाले हॉस्पिटलसाठी, आणि ड्रायव्हरच्या ॲपवाल्यांना वाटतं सगळं तयार आहे. आधीच्या दोन प्रोजेक्टची आमची वाट लागली ती यामुळेच. तेव्हाही आम्ही कार्डं लावत होतो. इंटरनेटवर बघून. मी आठ महिने वर्ग केला तेव्हा कळलं, कार्ड लावण्यात काही नाही. ते का लावायचं हे कळलं पाहिजे."

"म्हणजे?"

"जोखमीचं कार्ड एकदा लागलं की ते कुणी फेकायचं नाही. चारांपैकी एका चौकोनात जायचं. सुटली. कुणीतरी अंगावर घेतली. फटका कमी करायचा उपाय ठरला. नाहीतर, काही करता येत नाही, धरून चालू. सुटली म्हणत असाल तर कार्डाच्या मागे लिहायचं, कुणाच्या शब्दावर सुटली. नाहीतर लोक उगाच 'झालं, झालं' म्हणतात. शेवटी सगळ्यांनी बोटं वर करायची. पाच म्हणजे पूर्ण भरवसा. कुणी दोन किंवा कमी दाखवली की सगळं थांबवून त्याचं ऐकायचं. मग तो नवीन पोरगा का असेना."

"हे मागे लिहायचं तुमच्याकडे कधीपासून?"

"त्याच वेळेपासून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा सांगितलं. आधीच्या वेळी फार घोळ झाला होता."

कॉन्सेप्टांनी ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. निघताना अक्षता दारापर्यंत आली.

"नोकरी राहिली नाही तरी चालेल. दुसरी मिळेल मला. पण ते कार्ड होतं, मॅडम. मला ते कार्ड हवंय."

३

गुरुवारी सकाळी साडेनऊला कॉन्सेप्टा पवईच्या त्या हॉलमध्ये होत्या. भिंत आता कोरी होती. कोपऱ्यात टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि बाजूला लोखंडी कपाट.

ऋतिका सत्तावीस वर्षांची, अक्षताच्या हाताखालची. अक्षताला घरी बसवल्यापासून तिचं काम हिच्याकडे आलं होतं. ऑफिसात कुजबुज होती की तिनेच डाव साधला.

"मॅडम, हा लॅपटॉप कायम अक्षतामॅमच्या लॉगिनने उघडा असतो," ती घाईघाईने म्हणाली. "इथे कुणीही येऊन काहीही उडवू शकतं. आम्हीच मूर्ख."

फोटो मंगळवारी सकाळी दहा वीसला उडवल्याची नोंद होती. म्हणजे मुलुंडच्या घटनेच्या दुसऱ्या दिवशी. कॉन्सेप्टांना एक गोष्ट माहीत होती, जी फार कुणाला नव्हती. मंगळवारी दहा ते सव्वाअकरा अक्षता खालच्या मजल्यावर मनुष्यबळ विभागात जबाब देत बसली होती. तो जबाब रत्नप्रभाबाईंनी परस्पर घ्यायला लावला होता.

"कपाटाची किल्ली?"

"एक माझ्याकडे. दुसरी वर, संचालकांच्या ऑफिसात. सगळ्याच कपाटांच्या असतात तिथे."

कपाटातल्या खोक्यात चार पाकिटं होती, चार चौकोनांची. कॉन्सेप्टांनी कार्डं टेबलावर पसरली. गेटांचं कार्ड एकाही पाकिटात नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी दुपारी जोखमी तूच वाचल्यास ना?"

"हो. पण न सुटलेल्याच वाचतात. सुटलेली नुसती मोजायची. मी वहीत लिहिलंय, थांबा."

तिने स्वतःहून वही आणून दिली. गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं : सुटलेल्या सहा. अंगावर घेतलेल्या नऊ. धरून चाललेल्या चार. उपाय ठरलेल्या दोन. एकूण एकवीस.

कॉन्सेप्टांनी टेबलावरची कार्डं मोजली. मग पुन्हा, पाकीटवार.

"ऋतिका, सुटलेल्यांच्या पाकिटात पाच आहेत."

ऋतिकाचा चेहरा उतरला. "असं कसं? मी दोनदा मोजली होती."

"तुझं बरोबर आहे. एक कार्ड गेलंय. आणि ते गेलं तेव्हा 'सुटली'च्या चौकोनातलं होतं."

सगळी कंपनी समजत होती की बैठकीतच कुणीतरी जोखीम लपवली. पण कार्ड तर बैठक संपेपर्यंत भिंतीवर होतं. ते मागाहून, मुलुंडची घटना झाल्यावर गेलं होतं.

४

हर्षद ठक्कर कंपनीत बावीस वर्षं होता. डिलिव्हरी विभागाचा प्रमुख, घाटकोपरचा. अक्षताच्या पद्धतीला उघड विरोध करणारा पहिला माणूस तोच.

"माझ्यावर संशय आहे, माहीत आहे मला," तो बसता बसता म्हणाला. "मी सगळ्यांसमोर बोललो होतो, सर्टिफिकेट भिंतीवर लावायला बरं असतं म्हणून. बोललो, तर बोललो. पण मी कार्ड कशाला पळवू?"

"तारीख पाळायची होती तुम्हाला."

"तारीख मी दिली नव्हती. वरून आली होती. मी हॉस्पिटलशी बोलत पण नव्हतो या वेळी. ते सगळं देवव्रतभाई स्वतः बघत होते." त्याने चष्मा काढून पुसला. "एक सांगू, मॅडम? मला ही पोरगी डोक्यात जायची. पण त्या दोन दिवसांत मला जे कळलं ना, ते बावीस वर्षांत नव्हतं कळलं. कोण कुणासाठी थांबलाय, सगळं समोर. मी हे बोललो नाही कुणाला. इगो, दुसरं काय."

"मंगळवारी सकाळी तुम्ही कुठे होता?"

"घाटकोपरला, हॉस्पिटलच्या कंट्रोल रूममध्ये. आठपासून तीनपर्यंत. शिव्या खात. सुबोध होता बाजूला. एक शब्द बोलला नाही दिवसभर. पाणी पण नाही प्यायला."

कॉन्सेप्टांनी दुपारी कंट्रोल रूमच्या नोंदवहीत बघून घेतलं. दोघांचीही आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ होती. हर्षद म्हणाला होता तशीच.

५

नकाशा टीममध्ये नऊ जणं. बोटं वर करायच्या वेळी ऋतिकाच्या वहीत त्यांच्या नावापुढे नऊ वेळा पाच लिहिलं होतं.

कॉन्सेप्टांनी टीममधल्या एका मुलीला गाठलं.

"यादी आलेली नाही हे तुम्हाला माहीत होतं. तरी पाच?"

"पण यादी आली होती ना," ती मुलगी म्हणाली. "म्हणजे, सुबोध सरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणाले, यादी आलीय, लवकरच आपल्या सिस्टीममध्ये चढेल. त्यांनीच ते कार्ड उचलून 'सुटली'त लावलं. आम्ही टाळ्या पण वाजवल्या."

कॉन्सेप्टांनी हॉस्पिटलच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या कारकुनाने फाईल बघून सांगितलं, "यादी आम्ही काल पाठवली, मॅडम. बुधवारी. त्याच्याआधी आमचीच पूर्ण नव्हती."

म्हणजे सुबोध साळसकर आपल्याच टीमशी खोटं बोलला होता. निदान तसं दिसत तरी होतं.

सुबोध चहाच्या मशीनशेजारच्या लहान खोलीत बसला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला.

"यादी आली असं तुला कुणी सांगितलं?"

"आठवत नाही."

"कार्ड तू लिहिलंस?"

"आठवत नाही, मॅडम."

"तुझी टीम सांगते तू ते कार्ड सुटलेल्यांत लावलंस. मागे काय लिहिलंस?"

"मागे..." सुबोध मध्येच थांबला. कॉन्सेप्टांनी मान वर केली.

"मी जानकीबाईंकडे जाऊन आले," कॉन्सेप्टा म्हणाल्या. "काल संध्याकाळी, हॉस्पिटलमध्ये. सून त्यांना 'पाणी' म्हणायला शिकवतेय. दहा वेळा प्रयत्न केला. अकराव्यांदा म्हातारीने तोंड फिरवून घेतलं."

सुबोध उठला. दरवाजा उघडून बाहेर गेला. मागे वळून बघितलं नाही.

ऑफिसात संध्याकाळपर्यंत बातमी पसरली : सुबोधने केलं. देवव्रतसरांनी फोन करून कॉन्सेप्टांचं अभिनंदन केलं.

६

कॉन्सेप्टा मात्र त्यावर समाधानी नव्हत्या. शुक्रवारी सकाळी फेरीबोटीच्या कठड्याशी उभ्या राहून त्या तेच घोळवत होत्या.

ज्याने कार्ड नेलं, त्यानेच फोटो उडवले असणार. कार्डामागे एक नाव होतं. ते सुबोधचं स्वतःचं असेल, तर कार्ड नाहीसं करण्यात फायदा सुबोधचा. पण मंगळवारी दहा वीसला तो घाटकोपरात होता. नाव दुसऱ्या कुणाचं असेल, तर ते कार्ड म्हणजे सुबोधची ढाल. ती तो कशाला नष्ट करेल? उलट छातीशी धरून ठेवेल. म्हणजे कसंही धरलं तरी कार्ड सुबोधने नेलं नव्हतं. हर्षदनेही नाही, तोही घाटकोपरात. अक्षता खालच्या मजल्यावर.

ऋतिका ऑफिसात होती आणि तिच्याकडे किल्ली होती. पण तिने कार्ड नेलं असतं, तर एकवीस हा आकडा लिहिलेली वही स्वतःहून कशाला आणून दिली असती? सहाचे पाच करायला पेनाचा एक फटका पुरे होता.

राहिली दुसरी किल्ली.

अकरा वाजता त्या देवव्रतच्या केबिनमध्ये गेल्या.

"अहवाल पूर्ण करतेय. एवढंच विचारायचं होतं, सर. अक्षताने तुम्हाला तिच्या पद्धतीचे नियम कधी समजावले होते का? दुसऱ्या कुणी?"

"छे! मी त्यात डोकंच घातलं नाही. मला वेळ कुठे असतो? दिल्लीहून आलो ते दुसऱ्याच कामात. त्या हॉलमध्ये मी पुन्हा पाऊलही ठेवलेलं नाही."

"खोकं? कार्डं?"

"कधी बघितली नाहीत. का?"

"काही नाही. लिहून घ्यायचं होतं."

कॉन्सेप्टांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि खाली देवव्रतची सही घेतली.

७

चार वाजता रत्नप्रभाबाईंच्या केबिनमध्ये सहा जणं होती. अक्षता खिडकीशी बसली होती. सुबोध तिच्यापासून सर्वांत लांब, दाराजवळ. रत्नप्रभाबाईंच्या समोर तो आदेश आणि पेन.

कॉन्सेप्टा उभ्या राहिल्या. एकवीसचे वीस कसे झाले ते सांगितलं. मंगळवारी दहा वीसला कोण कुठे होतं ते सांगितलं. हर्षद, सुबोध, अक्षता, ऋतिका, एकेक नाव बाजूला काढलं.

"मग राहिलं कोण?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"बुधवारी याच खोलीत सबनीस सर म्हणाले, 'सुटलेल्या कार्डामागे नावं लिहायची.' मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. पण हा नियम अक्षताने दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा सांगितला. सर तेव्हा दिल्लीत. आज त्यांनी मला लिहून दिलंय, त्यांना नियम कुणी सांगितले नाहीत, कार्डं त्यांनी कधी बघितली नाहीत. मग सुटलेल्या कार्डाच्या मागे नाव असतं, तेही फक्त सुटलेल्याच्याच, हे त्यांना कुठून कळलं?"

देवव्रत हसले. "ऑफिसात शंभर लोक बोलतात. कानावर आलं असेल. याला पुरावा म्हणतात?"

"नाही," कॉन्सेप्टा म्हणाल्या. "यामुळे मी तुमच्याकडे बघायला लागले, एवढंच. पुरावा सुबोधकडे आहे."

कॉन्सेप्टा सुबोधकडे वळल्या.

"सुबोध, मी पुन्हा विचारते. कार्डाच्या मागे काय लिहिलं होतंस?"

सुबोध खाली बघत होता. देवव्रत म्हणाले, "त्याला काही आठवत नाही, त्याने सांगितलंय." त्याबरोबर अक्षता उठली आणि सुबोधच्या समोर जाऊन उभी राहिली.

"माझ्यासाठी नको बोलूस," ती म्हणाली. "माझं काय व्हायचं ते झालं. पण मुलुंडमध्ये अजून किती बंद गेटं आहेत, तुला माहीत आहे. उद्या तिकडे कुणीतरी पुन्हा फोन लावणार आहे, सुबोध."

सुबोधने खिशातून मोबाइल काढला. जुन्या कॉलची यादी काढून त्याने मोबाइल टेबलावर ठेवला.

"'देवव्रत सर, फोनवर, सकाळी नऊ दहा.' हे लिहिलं होतं." त्याने एका नोंदीवर बोट ठेवलं. "हा बघा तो कॉल. मी कार्डाचं सांगितलं, तर सर म्हणाले, यादी माझ्याकडे आलीय, कार्ड काढ, तारीख बदलायची नाही. मी म्हटलं, कार्ड काढता येत नाही, पण सुटलेल्यांत लावतो. त्यानंतर दर आठवड्याला विचारलं मी. पाठवतो, पाठवतो म्हणाले. मग मी विचारणं सोडलं. मंगळवारी संध्याकाळी मला बोलावलं. म्हणाले, कार्ड आता नाही. तुझा शब्द आणि माझा शब्द. गप्प राहिलास तर नकाशाचा सगळा विभाग तुझा."

"आणि तू गप्प राहिलास," अक्षता म्हणाली.

"हो."

रत्नप्रभाबाईंनी देवव्रतकडे बघितलं. ते काहीतरी सांगायला निघाले होते, हॉस्पिटलने दोन आठवड्यांत यादी देतो म्हटलं होतं, वगैरे. मध्येच थांबले. मग फक्त म्हणाले, "तारीख सगळ्यांना हवी होती."

"कार्ड कुठे आहे?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"मशीनमध्ये घातलं. कागद फाडायच्या."

रत्नप्रभाबाईंनी समोरचा आदेश उचलला आणि आडवा फाडला.

"तुम्ही राजीनामा आत्ता लिहा, देवव्रत. हॉस्पिटलला मी स्वतः सगळं कळवणार आहे. परब कुटुंबालाही. तुमच्या नावासकट."

८

देवव्रत गेल्यावर हर्षदने घसा साफ केला. "मॅडम, त्या तीस जणांच्या तुकडीत माझं नाव घाला. या वयात नापास झालो तर हसू नका, एवढंच."

"हे चालवायचं तर अक्षता पाहिजे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "येशील परत?"

अक्षताने लगेच होकार दिला नाही. "एका अटीवर, मॅडम. माझ्याकडे सर्टिफिकेट होतं, ऋतिकाकडे होतं, खाली सात जणांकडे होतं. भिंत बरोबर होती, कार्ड बरोबर होतं, मागचं नावही बरोबर होतं. पण ज्यांनी वरून फोन केला त्यांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आता वरच्या मजल्यापासून सुरू करा. सगळ्या संचालकांनी वर्गाला बसायचं, परीक्षा द्यायची आणि पुढच्या वेळी दोन्ही दिवस पूर्ण हॉलमध्ये थांबायचं."

"माझ्यासकट?"

"तुमच्यापासून."

रत्नप्रभाबाईंनी पेन उचललं आणि तुकडीच्या यादीत सर्वांत वर आपलं नाव लिहिलं.

सुबोधचं प्रमुखपद त्याच दिवशी गेलं. नोकरी राहिली. लिफ्टपाशी तो अक्षतासमोर थांबला.

"आत्ता काही बोलू नको," ती म्हणाली. "माझा राग गेलेला नाही आणि लवकर जाणारही नाही. उद्या सकाळी आठला मुलुंड स्टेशनला ये. हॉस्पिटलच्या यादीवर मी डोळे झाकून विसंबणार नाही. सगळी गेटं आपण स्वतः बघायची."

रत्नप्रभाबाईंनी त्याच संध्याकाळी दोन गेटांच्या सोसायट्यांसाठी नवीन यंत्रणा थांबवली. तिथले फोन पूर्वीसारखे माणसं घेऊ लागली. शनिवारी सकाळी आठला नकाशा टीमची नऊ जणं आली. ऋतिका आली, आणि घाटकोपरहून हर्षदही, डोक्याला टोपी आणि पायात नवे बूट घालून. तीनशे बारा सोसायट्या होत्या. त्यांनी रस्ते वाटून घेतले.

दुपारी एका सोसायटीत खंडू नावाच्या वॉचमनने त्यांना अडवलं. अक्षताने यादी दाखवली. त्यात त्या सोसायटीची दोन्ही गेटं चालू म्हणून लिहिली होती.

"चालू आहेत, पण गाडी कसली घुसवताय?" खंडू म्हणाला. "मागच्या गेटावर लोखंडी कमान बसवलीय मागच्या महिन्यात. हात वर केला की लागते. तुमची रुग्णवाहिका केवढी उंच असते?"

अक्षताने सुबोधकडे बघितलं. यादीत गेट उघडं की बंद एवढंच होतं. उंचीचा रकाना कुणाला सुचलाच नव्हता.

"टेप आहे का तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"आणतो," खंडू म्हणाला आणि केबिनकडे गेला. सुबोध तोवर कमानीखाली जाऊन हात वर करून उभा राहिला होता.